मर्व्हचा मावसभाऊ

कलावंताला मरण नसतं. राजे जातात, राज्यं जातात, पुतळ्यांच्या डोक्यावर कबुतरं बसतात. पण ज्याने एकदा परक्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आणलं, तो नट काळाच्या तावडीतून कायमचा सुटलेला असतो. त्याला फार तर क्वीन्सलंडला पाठवतात. मेलबर्नमध्ये तयार होणाऱ्या मालिकांचा हा जुना रिवाज आहे आणि त्यामागे निव्वळ सोय आहे. पात्राला मारायचं म्हणजे अंत्यविधी आला, काळे कपडे आले, पाद्री आला, शिवाय पुढचे तीन भाग कुणी ना कुणी रडत बसणार. क्वीन्सलंडला एक सुटकेस आणि एक टॅक्सी पुरते. पात्र दारात उभं राहून म्हणतं, की तिकडे हवा छान आहे, बहीण एकटीच असते, बरेच दिवस मनात होतं. मग टॅक्सीचं दार लागतं, आणि बावीस-बावीस वर्षं ज्याच्या सर्दीखोकल्याची देशाने काळजी केली तो माणूस दोन हजार किलोमीटर उत्तरेला अंतर्धान पावतो. तिथून कुणी परत आल्याचं ऐकिवात नाही. धंद्यातली माणसं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करताना ‘अजून इकडेच ना?’ असं विचारतात, ते याच अर्थाने.

म्हणूनच जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या बुधवारी, सकाळी पावणेसातला, स्टुडिओच्या आवारात गाडीत बसून कॉफी पिता पिता कोल ट्रेगिअरने नवी गुलाबी पानं उलटली आणि कॉफी होती तिथेच राहिली. संवादांत बदल झाला की रंगीत कागदावर छापून येतो. पहिला बदल निळा, दुसरा गुलाबी. निळ्यात काही नव्हतं. गुलाबीत, एकविसाव्या प्रवेशात, मर्व्हला पोस्टकार्ड आलं होतं. मर्व्ह म्हणजे वॉटल क्रीक गावचा बेकरीवाला, म्हणजेच गेली बावीस वर्षं कोल. ‘मर्व्ह : (कार्ड वाचत) नोएल. माझा मावसभाऊ. केर्न्सला असतो. म्हणतो, इथे ऊन आहे, ये कधी तरी. (कार्डाकडे बराच वेळ पाहतो.)’ कोलने ते वाक्य तीनदा वाचलं. केर्न्स म्हणजे क्वीन्सलंडचंही वरचं टोक. ते तर होतंच. पण मर्व्हला मावसभाऊ कुठला? मर्व्हची आई अनाथाश्रमात वाढली, तिला या जगात ना भाऊ ना बहीण, हे खुद्द कोलने चारशे बाराव्या भागात रडत रडत सांगितलं होतं आणि त्या रडण्याबद्दल त्याला टपालाने अकरा रुमाल आले होते. ज्या आईला बहीणच नाही तिच्या बहिणीला मुलगा होतो, तो केर्न्सला जाऊन राहतो आणि बावीस वर्षांनी त्याला आठवण येते, हा योगायोग कोलला फार बेतलेला वाटला. आणि सगळ्यात वाईट होतं ते शेवटचं. बराच वेळ. बावीस वर्षांत मर्व्हला कशाकडेही बराच वेळ पाहायला मिळालं नव्हतं. बायको पळून गेली तेव्हा तो चिठ्ठीकडे ‘क्षणभर’ पाहत होता. बेकरी जळली तेव्हा ‘पाहतो, मग वळतो’. बराच वेळ देतात तो निरोपाचा असतो.

रंगपटात दिमित्राने त्याला खुर्चीत बसवून गळ्याभोवती कापड बांधलं. ही बाई सोळा वर्षं रोज सकाळी त्याचं तोंड हातात घेत आली होती. तेवढा काळ तर त्याच्या बायकोनेही घेतलं नव्हतं.

“हनुवटी वर. काय रे, आज चेहरा कुणाचा घेऊन आलायस?”

“माझाच आहे.”

“मग परत कर, चांगला नाहीये.” ती हसली. मग जराशाने, ब्रश फिरवता फिरवता, “गुडघा कसा आहे?”

“गुडघ्याचं काय मध्येच?”

“अरे बाबा, सहज विचारलं. थंडी किती पडलीय! तुझ्यासारख्याने खरं म्हणजे उन्हाच्या जागी राहावं. माझा दीर गेला ना, वर्षाच्या आत काठी टाकली त्याने.”

“कुठे गेला?”

“वरती.”

“वरती म्हणजे?”

“गोल्ड कोस्टला रे! मेला नाही. तोंड बंद, ओठ करायचेत.”

गोल्ड कोस्टही क्वीन्सलंडातच. कोलने तोंड बंद केलं आणि आरशातलं घड्याळ पाहिलं. मर्व्हच्या चेहऱ्याला सहा मिनिटं लागत. थोडं पीठ कपाळावर, थोडा लाल रंग नाकावर, संपलं. आज अकरा झाली होती आणि ती अजून कानामागे काहीतरी पुसत होती, जपून, पाहुण्यांसमोर न्यायच्या भांड्यासारखं. शेवटी तिने त्याच्या गालावर दोन बोटं टेकवली आणि क्षणभर तशीच ठेवली. तो स्पर्श कोलच्या ओळखीचा होता. तो त्याने स्वतः केलेला होता. बेरिलच्या दंडावर.

बेरिल मालिकेत आयव्ही मावशी होती. टपाल कचेरी चालवायची, सगळ्यांची पत्रं वाफेवर उघडून वाचायची, आणि गावातलं एकही लग्न तिच्यावाचून जमत नसे. आठ वर्षांपूर्वी एका सोमवारी जेवणाच्या टेबलावर बेरिलने हातातली निळी पानं खाली ठेवली आणि हलक्या आवाजात विचारलं, “कोल, आयव्हीला केर्न्सच्या कुणा मैत्रिणीचा फोन आलाय. तुला काही माहीत आहे का?” कोलला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. तिच्या निरोपाचं भाषणही त्याने लिहायला घेतलं होतं, दुसरा मसुदा चालू होता, एक विनोद मनासारखा बसत नव्हता म्हणून अडला होता. त्याने तिच्या दंडावर दोन बोटं टेकवली. “छे गं! फोन येतात, फोन जातात. तुझ्यावाचून गाव चालेल होय?” आणि तिने मान हलवून उरलेलं सूप संपवलं. त्या उरलेल्या सुपाचा कोलला अजून त्रास होतो. शेवटच्या दिवशी केक आला, वर साखरेचं नारळाचं झाड होतं. भाषण रंगलं, विनोदही बसला. बेरिल फ्रँकस्टनच्या दोन खोल्यांत राहायला गेली आणि दीड वर्षात वारली. अंत्यविधीला कोल गेला होता. आयव्ही मावशी मात्र केर्न्समध्ये धडधाकट आहे. दर नाताळात ती वॉटल क्रीकला आंब्यांची पेटी पाठवते. पेटी मर्व्ह उघडतो, आंबा नाकाशी नेतो आणि म्हणतो, “आमची आयव्ही काही विसरली नाही.” बेरिल वारल्यापासून हे वाक्य कोल सहा वर्षं म्हणत आला आहे, आणि पहिल्या वर्षी त्याला ते म्हणवलं नव्हतं म्हणून दिग्दर्शकाने त्याची फार स्तुती केली होती.

तेव्हा आता कोलला दयेचा वास ओळखू येत होता. आणि एकदा यायला लागल्यावर तो सगळीकडून यायला लागला. पहिल्या प्रवेशाला दिग्दर्शक पहिल्याच खेपेला म्हणाला, “अप्रतिम, दोस्त, पुढे चला.” हा तरुण एरवी पाव ओव्हनमधून काढायचा प्रवेश सात-सात वेळा घ्यायचा, पावात अजून सत्य उतरलं नाही म्हणायचा. जेवणाच्या गाडीवरच्या बाईने न मागता दुसरा लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेला केक, ताटात ठेवला आणि सांडलेलं खोबरं आपल्या हाताने झटकलं. दुपारी तर बेकरीच्या गल्ल्यापाशी एक सुतार गुडघ्यावर बसून फीत लावताना सापडला.

“काय मोजतोस?” कोलने विचारलं.

“हे.”

“ते दिसतंय. कशासाठी?”

“किती आहे ते बघायला.”

“आणि किती आहे ते कळल्यावर?”

सुताराने कानामागची पेन्सिल काढून त्याच्याकडे पाहिलं. “मर्व्ह, तू पाव भाज ना! मी तुला विचारतो का, यीस्ट किती घातलंस?”

गल्ला बदलणार. किंवा काढणार. गल्ला काढला तर त्यामागचा माणूस कुठे उभा राहणार? कोल घरी आला, ब्रन्सविकमधल्या आपल्या अरुंद घरात हीटरपुढे पाय पसरून बसला, आणि आपल्यावर अन्याय होतो आहे म्हणजे आपण नेमके कोण आहोत याचा हिशोब त्याच्या मनात आपोआप सुरू झाला. वॉर्नम्बूलच्या दूध कारखान्यातल्या फोरमनचा मुलगा. शाळेच्या नाटकात देवदूत, कारण पंखांचा सांगाडा त्यालाच मापात बसला. मेलबर्नला येऊन दोन वर्षं त्याने निरोप्यांचीच कामं केली; राजाचा पुत्र मेला, जहाज बुडालं, शत्रू वेशीवर आला, ही बातमी त्याच्याइतकी चांगली धापा टाकत कुणी सांगत नसे. मग लंडन. तिथे सात वर्षं त्याला सांगत राहिले की तुझ्या आवाजात फार ऑस्ट्रेलिया आहे. त्याने तो मेहनतीने घासून काढला, परत आला, तर इथे म्हणाले, तुझ्या आवाजात फार लंडन आहे. त्याचा आवाज अगदी बरोबर असा फक्त परतीच्या विमानात असावा, हिंदी महासागरावर कुठेतरी, आणि तिथे त्याने फक्त टोमॅटोचा रस मागितला होता. नंतर तो सिनेमा. गुरं हाकणारा माणूस वाळवंटात तहानेने मरतो. ब्रोकन हिलच्या उन्हात पाच आठवडे, माशा, आणि शेवटी रिकाम्या पखालीकडे पाहण्याचा तो एक प्रवेश. त्यावर वर्तमानपत्रांनी लिहिलं : असह्य वेदना, एका पापणीत सामावलेली. खरं म्हणजे त्या वेळी नाकात माशी शिरली होती. कोलने हे कुणालाच सांगितलं नाही, नेरिडाला सोडून. आणि नेरिडाने घटस्फोटाच्या वेळी वकिलासमोर सांगितलं. पुढे पंचवीस वर्षं तो नाकात माशी नसताना तशी पापणी करायचा प्रयत्न करत होता. मर्व्ह मिळाला तेव्हा त्याला वाटलं, सहा महिने करू, मग खरं काहीतरी करू. त्या सहा महिन्यांत बावीस हिवाळे कसे मावले हे त्याला आत्ता, हीटरचा लाल दांडा बघताना, पहिल्यांदा नीट दिसलं आणि भीती वाटली ती वेगळीच. मर्व्ह गेला तर आपण मोकळे होऊ, ही ती भीती. मोकळं होऊन करायचं काय, याचं उत्तर मर्व्हपाशी होतं : पहाटे चारला उठून पीठ मळायचं. कोलपाशी नव्हतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत नेरिडाचा फोन आला. तिने अकरा महिन्यांनी फोन केला होता.

“जिवंत आहेस ना?”

“तुला काय वाटतं?”

“माझ्या वाटण्याने कधी काही झालंय? ऐक, नाटक बसवतेय मी. दीपगृहाचा रखवालदार. दीड तास, मध्यंतर नाही, दुसरं पात्र नाही. सप्टेंबरात तालमी, मग गावोगाव दौरा. मिल्ड्युरा, वॉगा, डबो, वगैरे. करतोस?”

कोलने ताट बाजूला सारलं. “माझं नाव कुणी सुचवलं तुला?”

“कुणी म्हणजे? नऊ वर्षं संसार केलाय तुझ्याशी. समोर माणूस आहे की नाही हे न बघता दीड तास बोलणारा दुसरा मला माहीत नाही.”

“नेरिडा, खरं सांग. फिलिपाचा फोन आला होता?”

“कोण फिलिपा?”

हे ‘कोण’ जरा लवकर आलं. चांगल्या नटीने ते अर्ध्या श्वासाने उशिरा घेतलं असतं. नेरिडा चांगली नटी होती. म्हणजे ते खरं असावं. किंवा नेरिडाला हे माहीत होतं, की कोलला हे माहीत आहे. फिलिपा, मालिकेची निर्माती, आठवड्यापूर्वी त्याला पायऱ्यांवर भेटली होती आणि तिने हसून विचारलं होतं, “काय, रंगभूमीची आठवण येते का कधी?” तेव्हा त्याला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. आता ती तजवीज वाटली. म्हाताऱ्याला एकदम रस्त्यावर सोडायचं नाही, आधी कुठेतरी सोय लावायची. जुन्या बायकोला फोन करायचा, ती एक रखवालदार देते. म्हाताऱ्याला वाटतं, आपणच निवडलं. बेरिलसाठी एवढं कुणी केलं नव्हतं. आपण तरी कुठे केलं?

“कोल? आहेस की गेलास?”

“करतो,” तो म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे त्याला हवं होतं का, हे त्याने स्वतःला विचारलंच नाही. फक्त कुणी ढकलायच्या आत उडी मारायची होती. नटाला इतकं तरी कळायला हवं, की बाहेर जायचं ते आपल्या वाक्यावर.

शुक्रवारी एकविसावा प्रवेश झाला. कार्ड हातात आलं. त्यावर निळा समुद्र, ताडाची झाडं आणि एक पांढरी उंच इमारत. मर्व्ह त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला, आणि कोलला नंतर सांगण्यात आलं की त्याची पापणी अशी काही हलली की दिवे धरणारा एक माणूस तोंड फिरवून उभा राहिला. नाकात काहीही नव्हतं. तो चेहरा तसाच, पिठासकट, घेऊन कोल थेट फिलिपाच्या खोलीत गेला. भाषण त्याने सकाळी गाडीत, तीन सिग्नलांवर, तयार केलं होतं.

“बसून ऐक,” तो म्हणाला. फिलिपा बसलेलीच होती. “मी उभाच बरा. फिलिपा, मी या धंद्यात एकावन्न वर्षं आहे. मला ढकलून देण्यात आलं नाही, मी जातोय, हे आधी लिहून ठेव. मला टॅक्सी नको. केक नको. त्याच्यावर झाड तर मुळीच नको. बेरिल शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याकडे पाहत होती, की कुणी तरी खरं सांगेल. कुणी सांगितलं नाही, मीही नाही. मला कुणी दंडावर बोटं टेकवून फसवू नये एवढ्यासाठी मी स्वतःहून सांगायला आलोय. सप्टेंबरात मी रंगभूमीवर परत जातोय.”

फिलिपाने चष्मा काढला. “कोल, तुला कुणी काढत नाहीये.”

“पोस्टकार्ड?”

“पोस्टकार्ड?” तिला आठवायला वेळ लागला, किंवा तिने तो घेतला. “अरे देवा! ते! ते हॉटेल आहे. कार्डावरची पांढरी बिल्डिंग. त्या कंपनीने जाहिरातीसाठी तीन सेकंद विकत घेतलेत. कार्ड पडद्यावर पूर्ण तीन सेकंद दिसलं पाहिजे, असं करारात आहे.”

“म्हणून ‘बराच वेळ’?”

“म्हणून बराच वेळ.”

“आणि मावसभाऊ? मर्व्हच्या आईला बहीण नाही.”

“नाही?” तिने खरोखर ओशाळून पाहिलं. “अरेरे! लिहिणारी सगळी पोरं नवीन आहेत. पाचशेच्या मागचं कुणी पाहिलेलंच नाही.”

“सुतार गल्ला मोजत होता.”

“वाळवी लागलीय.”

कोल तिच्याकडे पाहत राहिला. हे सगळं इतकं बरोबर बसत होतं, की ते खरं तरी असणार किंवा तीन आठवड्यांपूर्वीच ठरलेलं तरी. तिचा डावा हात टेबलावर स्थिर होता. खोटं बोलणारा माणूस हात हलवतो, असं तो अभिनयाच्या वर्गात विद्यार्थ्यांना शिकवत आला होता. चांगला खोटं बोलणारा हलवत नाही, हेही त्यानेच शिकवलं होतं. एकावन्न वर्षं ज्याने उपजीविकेसाठी दुसऱ्यांचे चेहरे घातले, त्याला समोरचा एक चेहरा उलगडेना. ती खरं बोलत असेल तर त्याने एका हॉटेलच्या पायी बावीस वर्षांचं घर सोडलं होतं. ती खोटं बोलत असेल तर ती त्याच्याशी तेच करत होती जे त्याने बेरिलशी केलं, आणि आत्ता, या क्षणी, त्याला कळलं की त्याला तेच हवं आहे. कुणीतरी म्हणावं, तुझ्यावाचून गाव चालेल होय? त्याने वाट पाहिली. तिने ‘राहा’ म्हटलं असतं तर तो नेरिडाला फोन करून गुडघ्याचं कारण देणार होता. गुडघा खरा होता. रखवालदाराला दीपगृहाचे जिने चढावे लागणार.

फिलिपा उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आली. तिचे डोळे भरून आले होते. निदान ओले होते. “तू ठरवलंच असशील तर मी आड येणार नाही,” ती म्हणाली. “पण जाण्याआधी एक मागू का? नाही म्हणू नकोस. खूप दिवस मनात आहे, धीर होत नव्हता.”

कोलने पाठ सरळ केली. कपाळावरचं पीठ भुवईवर सांडलं तरी त्याने पुसलं नाही. “माग.”

तिने खणातून एक फोटो काढला, बेकरीच्या दारातला, आणि पेन त्याच्या हातात दिलं. “माझ्या आईसाठी. बेंडिगोच्या वृद्धाश्रमात असते, एक भाग चुकवत नाही. सही दे ना एक. फक्त सही ‘मर्व्ह’ म्हणून कर हं! कोल लिहिलंस तर ती विचारत बसेल, हा कोण?”